वैरागच्या पारावरून पोर्ट ऑफ स्पेन

1962 सालचा फेब्रुवारी संपत आलाय आणि तुम्ही वैरागला पारावर बसला आहात. अष्टग्रही नुकतीच होऊन गेलीय. आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार म्हणून देशभर होमहवनं झाली. जग काही बुडालं नाही. निवडणुकीची धामधूमही ओसरलीय, भिंतीवरची गेरूतली बैलजोडी तेवढी अजून ताजी आहे. उजनीचं धरण झालेलं नाही. शिवारातली ज्वारी जमिनीतल्या ओलीवर वाढलीय आणि आता काढणीला आलीय. बार्शीकडं जाणारी एस.टी. धूळ उडवत थांबते, कंडक्टर वर्तमानपत्रांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा खाली टाकतो आणि पुढं निघतो.

गठ्ठा सोडायचा मान मास्तरांचा. आधी मुंबईची बातमी, मग बाजारभाव, मग शेवटचं पान.

"काय वं मास्तर, क्रिकेटचं काय झालं?"

"हरलो. दहा गड्यांनी हरलो. दुसऱ्या डावात सगळे मिळून 98."

पारावर कुणीच काही बोलत नाही. महिन्यापूर्वी हीच माणसं पेढे मागत होती. टेड डेक्स्टरच्या इंग्लंडला आपण कोलकात्यात हरवलं, 15 जानेवारीला मद्रासलाही हरवलं, मालिका 2-0 अशी जिंकली. इंग्लंडविरुद्ध मालिका जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आणि बरोबर महिन्याने, 16 फेब्रुवारीला, तोच संघ त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला पहिली कसोटी खेळायला उभा राहिला. आपल्या संथ खेळपट्ट्यांवरून उठून वेस्ट इंडीजच्या वेगवान वेस हॉलसमोर. सरावाला, हवापाण्याला, उसळत्या चेंडूची नजर बसायला वेळ हवा असतो, तो कुणी दिलाच नाही. हे आधी नीट मांडलं पाहिजे, कारण हरलेल्या हंगामात चांगलं काय ते शोधणारा माणूस पुष्कळदा पराभवाची कारणं झाकायला बघतो. आपण ती झाकायची नाहीत.

तुम्हाला इथं बसून सामना ऐकता येणार नाही. तिथं सकाळी खेळ सुरू होतो तेव्हा वैरागात जेवणं आटपून माणसं अंगणात बाजा टाकतात. साडेनऊ तासांचा फरक. गाव झोपेत असताना गडी बाद होतात आणि त्याची बातमी दोन दिवसांनी एस.टी.च्या टपावरून उतरते. म्हणून पार सोडा आणि माझ्याबरोबर या.

17 मार्च. बार्बाडोस बेटावरचं ब्रिजटाऊन. मधली किंग्स्टनची कसोटीही गेलीय, एक डाव आणि 18 धावांनी. पुण्याच्या चंदू बोर्डेच्या 93 आणि बापू नाडकर्णीच्या नाबाद 78 धावांमुळे पहिल्या डावात 395 झाल्या होत्या, त्यावर समोरच्यांनी 631 केल्या. आज कसोटी नाही, बार्बाडोसच्या संघाशी सामना आहे. कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर सलामीला आलाय. डोक्याला हेल्मेट नाही. ती चीज अजून जन्मालाच यायचीय. चार्ली ग्रिफिथचा चेंडू उसळतो आणि कॉन्ट्रॅक्टरच्या उजव्या कानाच्या वर आदळतो. तुम्ही सीमेवर आहात, तरी तो आवाज तुम्हाला ऐकू येतो.

रात्री इस्पितळाच्या ओट्यावर थांबा. आत कवटीची शस्त्रक्रिया चाललीय. रक्त हवंय. बाही वर करून पहिल्यांत येतो तो वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल. मग बोर्डे, नाडकर्णी, वार्ताहर के. एन. प्रभू. आणि एक उंच, रुंद खांद्यांचा पारशी गडी. त्याच्याकडं नीट बघून ठेवा. पहलन रतनजी उमरीगर, सगळ्यांचा पॉली. लहानपण आपल्या सोलापुरात गेलेला. वडिलांचा कपड्यांचा धंदा होता, शाळकरी वयात घर मुंबईला हललं. गिरण्यांचे भोंगे ऐकत वाढलेला मुलगा आज छत्तिसाव्या वर्षाला टेकलाय आणि परमुलखातल्या इस्पितळात कप्तानासाठी रक्त देतोय.

कॉन्ट्रॅक्टर वाचला. पण भारताकडून पुन्हा कसोटी खेळला नाही.

सहा दिवसांनी, 23 मार्चला, 21 वर्षं आणि 77 दिवसांचा मन्सूर अली खान पतौडी कप्तान म्हणून तिसऱ्या कसोटीच्या नाणेफेकीला जातो. आदल्या जुलैत मोटार अपघातात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेलीय. त्याच्या हाती आलाय हादरलेला, दोन कसोट्या हरलेला संघ. तरी शेवटच्या दिवशी उपाहाराला भारत 2 बाद 158 आहे; डावाचा पराभव टळेल, सामना अनिर्णित राहील असं वाटू लागतं. उपाहारानंतर लान्स गिब्ज चेंडू हातात घेतो. निर्धाव षटकामागून निर्धाव षटक, आणि मधूनच गडी. 158 वरून सगळे 187 वर बाद. गिब्जचे 38 धावांत 8 बळी. तारीख 28 मार्च, उमरीगरचा छत्तिसावा वाढदिवस.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, त्यासाठी क्षणभर दहा वर्षं मागं चला. 1952, इंग्लंड. लीड्सला दुसऱ्या डावात भारताची धावफलकावर अवस्था: शून्य धावा, चार गडी बाद. फ्रेड ट्रूमन नावाचं तुफान आलंय. त्या दौऱ्यावर कसोटीतल्या सात डावांत उमरीगरच्या मिळून 43 धावा झाल्या. वेगवान गोलंदाजी आली की हा मागं सरकतो, असा शिक्का बसला. पुढं 1955 साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्याने 223 केल्या, कसोटीतलं भारताचं पहिलं द्विशतक. तरी शिक्का पूर्ण पुसला गेला नव्हता. तो पुसायला समोर तेवढाच वेगवान गोलंदाज लागतो. तो आता आहे.

5 एप्रिल 1962. वैरागात गुढ्या उभ्या राहिल्यात. कडुलिंबाचा पाला, गाठी, पुरणाचा वास. पोर्ट ऑफ स्पेनला चौथ्या कसोटीचा दुसरा दिवस. क्वीन्स पार्क ओव्हलच्या कडेनं मोठाल्या छत्रीसारखी सामानची झाडं आहेत, पलीकडं हिरवे डोंगर. गर्दीत तुमच्यासारखे चेहरे पुष्कळ: उसाच्या मळ्यांवर गिरमिट करून आणलेल्या लोकांची नातवंडं. त्यांना दोन्ही संघ आपलेच. ऑगस्ट संपेपर्यंत हा देश स्वतंत्र होणार आहे.

उमरीगर गोलंदाजी करतोय. तो काही पहिल्या क्रमांकाचा गोलंदाज नव्हे; मध्यमगती, कधी ऑफ स्पिन. पण या उन्हात तो टाकतच राहतो, पन्नासहून अधिक षटकं, आणि 107 धावांत 5 गडी घेतो. रोहन कन्हायच्या 139 आणि शेवटी वॉरेल-हॉल जोडीच्या मारामुळे 9 बाद 444 वर डाव घोषित होतो. मग हॉल चेंडू हातात घेतो आणि भारत 197 मध्ये आटोपतो. हॉलचे 20 धावांत 5 बळी. उमरीगर 56, सर्वांत जास्त. फॉलोऑन. 247 धावांची पिछाडी.

तुम्ही वैरागच्या पारावर असता तर इथं पान मिटलं असतं. मिटू नका.

सलीम दुराणीला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलंय. हा डाव्या हाताचा देखणा खेळाडू आणि विजय मेहरा चिवटपणे उभे राहतात. दुराणी 104, मेहरा 62. मग पुन्हा घसरगुंडी. आणि पॉली येतो. पाय हलतोय का, मागं सरकतोय का, ते बघा, कारण दहा वर्षं सगळे तेच बघत आलेत. हॉल लांबून पळत येतो, गळ्यातली साखळी उडते. उमरीगरचा डावा पाय पुढं पडतो, बॅट सरळ खाली येते आणि चेंडू गोलंदाजाच्या बाजूनं सीमेकडं जातो. पुन्हा पळत येतो, पुन्हा तसंच. पलीकडून गडी बाद होत राहतात, नाडकर्णी चिकटून साथ देतो, शेवटचा गडी कुंदरनही थांबतो. उमरीगर चार तासांच्या थोडं वर खेळतो आणि नाबाद 172. भारत 422.

वेस्ट इंडीजला 176 हव्या होत्या. त्यांनी तीन गडी गमावून केल्या. आपण सात गड्यांनी हरलो.

एकाच कसोटीत शतक आणि पाच बळी, असं उमरीगरच्या आधी एकाच भारतीयानं केलं होतं: विनू मंकड, 1952, लॉर्ड्स. तीही कसोटी आपण हरलोच होतो. मला ही जोडी फार मोलाची वाटते. जिंकताना शतक काढणाऱ्याच्या मागं सगळा संघ असतो. पिछाडीवर, घसरगुंडीत, मालिका हातची गेलेली असताना, पाठ दुखत असताना कुणी काय केलं, त्यावरून त्या खेळाडूचं माप कळतं.

किंग्स्टनला पाचवी कसोटीही गेली, 123 धावांनी. पुण्याच्या वसंत रांजणेनं पहिल्या डावात चार गडी काढले, नाडकर्णीनं अर्धशतक केलं, उमरीगरनंही. ती उमरीगरची शेवटची कसोटी ठरली. मालिकेत त्याच्या 445 धावा, भारताकडून सर्वाधिक. कारकीर्दीची बेरीज 59 कसोट्या, 3631 धावा, 12 शतकं. भारतासाठी तेव्हा तो या तिन्ही बाबतींत पहिला होता.

एप्रिलच्या अखेरीला पारावर या. खळी उरकलीत. मास्तर वाचतात, "पाच-शून्य." कुणीतरी म्हणतं, "मग गेलेच कशाला तिकडं?" दुसरा म्हणतो, "बंद करा वं ते पान." कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेले आबा तुमच्याकडं बघून म्हणतात, "पाव्हणं, कणसात दाणा भरला न्हाई तर आम्ही रान पेटवून देत न्हाई. कडबा काढतो. त्याच्यावर बैल जगतो, आन् बैल जगला तर पुढची पेरणी हुती."

आबांचं म्हणणं मला पुरेपूर पटतं, पण त्यातला कडबा नेमका कोणता, हे सांगायला हवं. "पोरांनी जीव ओतला" हे वाक्य नुसतंच भुसकट. नाबाद 172 हा कडबा. एका डोळ्याच्या पतौडीनं कप्तानपद टाकून पळ काढला नाही, हा कडबा. मार खाल्लेल्या त्या संघात मडगावचा एक 21 वर्षांचा पोरगा होता, दिलीप सरदेसाई, दुराणी होता, एरापल्ली प्रसन्ना नावाचा कोवळा ऑफ स्पिनर होता. त्यांनी हॉल पाहिला, गिब्ज पाहिला, पाच पराभव पाहिले. हा सगळ्यांत मोठा कडबा, आणि 1962 मध्ये तो कुणालाच दिसला नाही.

म्हणून आता 1971 च्या मार्चमध्ये उतरा. तेच क्वीन्स पार्क ओव्हल. अजित वाडेकरचा संघ. किंग्स्टनला सरदेसाईनं 212 करून वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिलाय. इथं तो 112 करतो. प्रसन्ना पहिल्या डावात चार गडी घेतो. दुसऱ्या डावात दुराणी क्लाइव्ह लॉइड आणि गारफिल्ड सोबर्स यांना लागोपाठ बाद करतो, सोबर्स शून्यावर. सुनील गावसकर नावाचा पोरगा पदार्पणात 65 आणि नाबाद 67. भारत सात गडी राखून जिंकतो. वेस्ट इंडीजवर पहिला कसोटी विजय, त्याच मैदानावर आणि 1962 ला ज्या फरकाने हरलो होतो त्याच फरकाने. अकरा जणांत 1962 चा मार खाल्लेले तिघे आहेत. मालिका 1-0 अशी आपली.

वैरागात आता ट्रान्झिस्टर आलेत. पुढच्या वर्षी मोठा दुष्काळ पडणार आहे, पण आज बातम्या ऐकून पोरं पारावर नाचतायत.

अजून एकदा चला, मग सोडतो तुम्हाला. एप्रिल 1976, पुन्हा ओव्हल, पुन्हा तीच सामानची झाडं, जवळपास तोच आठवडा. भारताला चौथ्या डावात 403 धावा हव्यात. कसोटीच्या इतिहासात चारशेच्या वर धावांचा पाठलाग एकदाच झालाय, 1948 साली लीड्सला ब्रॅडमनच्या संघाकडून. गावसकर 102, मोहिंदर अमरनाथ 85, विश्वनाथ 112, ब्रिजेश पटेल नाबाद 49. धावफलकावर 4 बाद 406 लागतात आणि सामानच्या झाडांखालून ती गिरमिटवाल्यांची नातवंडं आरडाओरड करत मैदानात घुसतात. भारतीय संघाचा व्यवस्थापक कोण आहे, विचारून घ्या गर्दीत. पन्नाशीचा, उंच, खांद्यानं रुंद. पॉली उमरीगर.