दाइगुन्जू नेझुरा

दाइएई या जपानी चित्रपटसंस्थेने 1963 मध्ये हाती घेतलेला, पण अपूर्ण राहिलेला महाकाय प्राण्यांवरील चित्रपट. तोहो या चित्रपटसंस्थेच्या ‘गोजिरा’ला (1954) मिळालेले यश आणि हिचकॉकच्या ‘द बर्ड्‌स’मधील (1963) पक्ष्यांचे थवे, या दोन्हींची छाया या कल्पनेवर दिसते. अतिपौष्टिक अन्न खाऊन उंदीर राक्षसी आकाराचे होतात आणि झुंडीने टोकियोवर चाल करून येतात, असे कथानक होते. प्रदर्शन 1964 च्या नववर्षात करण्याचे ठरले होते.

गोजिराप्रमाणे रबरी पोशाखातील नटावर भिस्त न ठेवता, शहराच्या छोट्या प्रतिकृतींवर खरे, जिवंत उंदीर सोडायचे असे ठरले. कल्पना धाडसी होती, आणि झुंडीची किळस व भीती पडद्यावर आणण्याचा याहून थेट मार्ग तेव्हा क्वचितच असेल. मात्र जमवलेल्या उंदरांबरोबर पिसवा आणि गोचिडी स्टुडिओत शिरल्या. आरोग्याच्या धोक्यामुळे कामगारांचा विरोध वाढला, परिसरातून तक्रारी आल्या आणि काम थांबवावे लागले.

प्राण्यांवरील भव्य चित्रपटाची इच्छा मात्र दाइएईने सोडली नाही. नोरिआकी युआसा दिग्दर्शित ‘गामेरा’ नोव्हेंबर 1965 मध्ये आला आणि उडणाऱ्या कासवाची दीर्घ मालिका सुरू झाली. नेझुराचे खरे महत्त्व गामेराकडे नेणाऱ्या या वळणात आहे. त्याच्या फसलेल्या निर्मितीवर हिरोतो योकोकावा यांनी ‘नेझुरा 1964’ हा चित्रपट पुढे काढला.