तळटीप : मोडी पत्रातील साल
१. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ : पेशवाईतील पत्रांत साल असे अरबी शब्दांत, एकंपासून हजाराकडे लिहीत. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००; मिळून शुहूर सन ११६१. हा सन मृगाला बदलतो. त्यामुळे मृग ते डिसेंबर या काळासाठी त्यात ५९९ व जानेवारीपासून पुढे ६०० मिळवले की इसवी सन येतो. त्यावरून हे पत्र १७६०-६१ चे, म्हणजे पानिपतच्या धामधुमीतले ठरते. साल चुकले की सगळा प्रसंगच वर्षभर मागेपुढे सरकतो. म्हणून प्रत्येक पत्राचा हिशेब जंत्रीशी ताडून पाहिला आहे. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली मजकूर सलग लिहीत. येथील शब्द संपादकाने तोडले असून संशयित अक्षरे चौकटी कंसात दिली आहेत.