ताणा धरा, पाव्हणं!

घराण्याचा इतिहास शोधायला निघालात की हाताशी काय लागतं? सातबारा, जुने फेरफार, फार तर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतली नामावळ. त्यात शेत सापडतं, सारा सापडतो, आज्या-पणज्याचं नाव सापडतं. माग तेवढा सापडत नाही. जन्मभर घोंगड्या विणलेला माणूस कागदावर नुसता खातेदार होऊन बसतो. तेव्हा कागद ठेवा बाजूला, चपला काढा आणि १८६१च्या वैशाखात उतरा. लोणावळ्याच्या अलीकडे, इंद्रायणीकाठची कुठलीही वाडी चालेल.

पाय पोळले? पोळणारच. आज राब भाजतायत. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, टहाळ्या, गवत रचून पेटवून दिलंय आणि सगळी वाडी धुरात गुदमरतेय. डोळे पुसत पुढे व्हा. आता दुसरा वास येईल, आंबूस, चिकट: चुलीवर चिंचोक्यांची खळ रटरटतेय. त्यात ओल्या लोकरीचा उग्र दर्प मिसळलाय. नाकाला रुमाल लावू नका, घरचाच वास आहे हा.

घरासमोर लांबच लांब काळा ताणा ताणलाय. उघड्या अंगाचा एक म्हातारा कुंच्याने त्याला खळ चोपडत चाललाय. हे तुमचे पूर्वज. तुम्ही त्यांना ओळखलंत. त्यांनी तुम्हाला ओळखायचं काही कारण नाही.

"कुटलं पाव्हणं? हुबं का? धरा हे टोक!"

धरलंत की बोटं चिकटली. लोकर बोचते. कोकणातून घाट चढून देशाकडे निघालेल्या धनगरांकडून घेतलेली आहे ती. त्यांच्या मेंढ्या दोन रात्री याच घरच्या खाचरात बसल्या होत्या. लेंड्यांचं खत खाचराला, धान्य धनगराला, लोकर मागाला. या सौद्याची नोंद कुठलं दप्तर ठेवणार?

आत डोकवा. भर दुपारी अंधार. म्हातारी चरख्यावर सूत काढतेय, लोकरीचा भुगा हवेत तरंगतोय, तुम्हाला शिंक येते. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून थोरला लेक मागावर बसलाय. पावडी दाबली, धोटा इकडून तिकडे, फणी ठोकली, पुन्हा पावडी. खड्ड्यात पायांना गारवा आणि कपाळावर घामाच्या धारा. वेग पाहा त्याचा! मृगाआधी घोंगड्या हातावेगळ्या झाल्याच पाहिजेत, कारण मृग लागला की तोच खाचरात चिखल तुडवणार. मावळातल्या पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर नसेल तर औत धरवत नाही.

धडाम! दचकू नका. खंडाळ्याच्या घाटात सुरुंग उडाला. पुण्याकडून आगगाडी खंडाळ्यापर्यंत येते. पुढे खोपोलीपर्यंत लोक पालखीतून, नाहीतर तट्टावरून उतरतात. डोंगर फोडायला जानेवारीत ४२,००० माणसं लागली होती. घरात मात्र चर्चा वेगळीच. "ठेका म्हनं येका मडमंकडं हाय," म्हातारी चरखा न थांबवता सांगते. खरंच आहे ते. ठेकेदार ट्रेडवेल वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने काम पुढे चालवलं. म्हातारीला यात नवल वाटत नाही. या घरातही लोकर पिंजणं, कातणं, आवणी, सगळं बायकाच करतात. नाव म्हाताऱ्याचं लागतं. कागदांवर भरवसा ठेवायचा तो एवढ्याच बेताने.

तुम्हाला पानावर करवंदं मिळतात. चीक ओठांना लागतो. पहिलं तोंडात टाकता तोच बाहेर आरडाओरडा. विसापूरच्या मागून काळंभोर आभाळ चढलंय. वळीव! ताण्यावरची खळ अजून ओली. भिजला तर सकाळपासूनची मेहनत पाण्यात. पोरं, सुना, शेजारी, एक भुंकणारं कुत्रं, सगळे ताण्याभोवती धावतात. "पाव्हणं, वढू नगा, निस्तं उचला!" तुम्ही उचलता, अडखळता, कुणाच्या तरी पायावर पाय देता, शिव्या खाता आणि दारात पोचेपर्यंत टपोरे थेंब पाठीवर.

ताणा वाचला. पण म्हाताऱ्याला आता राब आठवलाय. अर्धवट जळून विझला तर वाळल्यावर पुन्हा रचून पेटवायचा, आणि शेणाच्या पाट्या वाहायला त्यांनी तुम्हाला आत्ताच नेमून टाकलंय.