एरंडेलापासून '५डब्ल्यू-३०'पर्यंत : 'सिंथेटिक' या शब्दाचा प्रवास

१/
मोटारीसाठी इंजिन ऑइल घ्यायला गेलेल्या माणसापुढे 'फुल्ली सिंथेटिक' असे छापलेले चार डबे येतात. किमती मात्र चार तऱ्हांच्या. हा शब्द रसायनशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा आजचा सैल अर्थ १९९९ साली जाहिरातीवरून झालेल्या एका वादात पक्का झाला, आणि त्या वादातील दोन्ही पक्षांची मुळे एकाच कंपनीत होती. आजचा थ्रेड त्या शब्दाविषयी.

२/
आरंभ एरंडेलाने करू. चार्ल्स वेकफिल्ड यांनी १८९९ साली 'व्हॅक्युम ऑइल' ही अमेरिकन कंपनी सोडून लंडनमध्ये वंगणांचा स्वतःचा व्यवसाय थाटला. दहा वर्षांनी त्यांनी एरंडेल मिसळलेले वंगण बाजारात आणले आणि कॅस्टर ऑइलवरून त्याचे नाव ठेवले 'कॅस्ट्रॉल'. एरंडेल तापलेल्या धातूला घट्ट धरून राहते आणि पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. म्हणून पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांना तेच लागे. त्या इंजिनांत तेल पुन्हा वापरण्याची सोयच नव्हती. ते धुरासोबत बाहेर पडून वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. एरंडेल पोटात गेल्यावर काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याचे कारण नाही.

३/
एरंडेलाचा खरा दोष निराळा होता: उष्णतेने त्याचा डिंकासारखा चिकटा होतो. खनिज तेल तसे चिकटत नाही, पण त्यातील मेण थंडीत गोठते आणि तेल वाहायचे थांबते. एक उन्हात नापास, दुसरे हिमात.

४/
ही कोंडी फोडण्याची सर्वाधिक निकड ज्या देशाला भासली तो स्वतःचे पुरेसे खनिज तेल नसलेला जर्मनी. १९२५ च्या सुमारास फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी कोळशापासून मिळणाऱ्या वायूतून द्रव इंधन तयार करून दाखवले. १९२७ पासून लॉयना येथे आय. जी. फार्बेन कंपनी तपकिरी कोळशापासून पेट्रोल काढू लागली. त्याच कंपनीतील रसायनज्ञ हेर्मान झोर्न वनस्पतिज तेलांचे गुण असलेले, पण चिकटा न धरणारे वंगण शोधत होते. एरंडेल हे मुळात एस्टर वर्गातील संयुग. म्हणून त्यांनी एस्टरच प्रयोगशाळेत घडवायला घेतले. १९३८ ते १९४४ या काळात जर्मनीत ३,५०० हून अधिक एस्टर तयार करून तपासले गेले.

५/
येथे क्षणभर थांबणे भाग आहे. तेलाच्या लोकप्रिय इतिहासांत हा टप्पा 'जर्मन कल्पकता' म्हणून एका ओळीत उरकला जातो. याच आय. जी. फार्बेनने ऑशविट्झजवळ मोनोविट्झ येथे कृत्रिम रबर आणि द्रव इंधनाचा कारखाना उभारायला घेतला, आणि त्यासाठी छळछावणीतील कैद्यांना मरेपर्यंत राबवले. १९४७-४८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे कंपनीच्या २३ संचालक-अधिकाऱ्यांवर खटला चालला. १३ जण दोषी ठरले. झोर्न यांचे संशोधन आणि मोनोविट्झ या एकच गोष्टी नव्हेत. तथापि स्वयंपूर्णतेच्या ज्या धोरणाने एकाला पैसा पुरवला, त्यानेच दुसरे उभारले, हे वगळून लिहिलेला इतिहास मला अपुरा वाटतो.

६/
युद्धानंतर जेट इंजिने आली. उंचावरची कडाक्याची थंडी आणि टर्बाइनची धग ही दोन्ही सोसणारे वंगण एस्टरांतच सापडले. विमानातून मोटारीत ते आणले अमेरिकेतील डुलुथचे लढाऊ वैमानिक अल्बर्ट अमात्झिओ यांनी. १९७२ साली त्यांचे 'अॅम्सॉइल' अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) निकषांना उतरले. १९७३ च्या तेलसंकटाने इंधनबचतीला महत्त्व आले आणि १९७४ मध्ये 'मोबिल १' अवतरले. त्याचा आधार पॉलिआल्फाओलेफिन, म्हणजे लहान रेणू जोडून बांधलेले तेल.

७/
आता तो वाद. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅस्ट्रॉलने आपल्या 'सिंटेक' तेलातील हे महागडे द्रव्य काढून त्याजागी खनिज तेलापासूनच केलेले द्रव्य घातले. उच्च दाबाच्या हायड्रोजनखाली त्यातील रेणू तोडून त्यांची नवी मांडणी केलेली असते; एपीआयच्या वर्गवारीत हा तिसरा गट, तर पॉलिआल्फाओलेफिन चौथा. डब्यावरचा शब्द तोच राहिला. मोबिलने तक्रार केली: सिंथेटिक म्हणजे मुळापासून बांधलेले. कॅस्ट्रॉलचे उत्तर: रेणूंची रचनाच बदलली, मग आणखी काय हवे? अमेरिकेतील जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन संस्थेने १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलचा दावा ग्राह्य धरला. हा न्यायालयाचा निवाडा नव्हता, पण बाजाराने तो तसाच मानला.

(वेकफिल्ड यांनी सोडलेली ती व्हॅक्युम ऑइल कंपनी पुढे विलीनीकरणांतून 'मोबिल' झाली. शंभर वर्षांनी भाऊबंदकी निघाली ती अशी.)

८/
तिसऱ्या गटाचे तेल वाईट असते असे मुळीच नाही. उत्तम पूरके घातलेले असे तेल बहुतेक मोटारींना पुरून उरते. मात्र 'सिंथेटिक' या शब्दावरून डब्यात काय आहे हे कळत नाही. कळते ते आकड्यांवरून. '५डब्ल्यू-३०' मधील 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा: उणे ३० अंश सेल्सिअसला इंजिन फिरू शकेल आणि उणे ३५ ला पंप तेल ओढू शकेल, इतपत ते पातळ राहते. '३०' हा १०० अंशांवरील दाटपणाचा वर्ग. लेहमध्ये पहिला आकडा निर्णायक, नागपुरात दुसरा.

९/
'आपल्याकडे ऊन फार, जाड तेल घाला' हा गॅरेजमधला सल्ला जुन्या इंजिनांच्या अनुभवातून आलेला आहे, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु आजच्या इंजिनांतील तेलवाहिन्या अरुंद असतात, आणि अनेकांत झडपांची वेळ तेलाच्या दाबावरच बदलते. तेथे मोटारीसोबत आलेल्या पुस्तिकेतील वर्गच प्रमाण. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल मोटारींत आणखी एक पथ्य: काजळी अडवणारी गाळणी. काजळी जळून जाते, तेलातील पूरकांची राख मात्र गाळणीत साचतच राहते. म्हणून अशा गाड्यांसाठी बहुधा युरोपीय 'एसीईए' मानकातील सी२ किंवा सी३ अशी कमी राखेची तेले सांगितलेली असतात. चुकीचे तेल कितीही 'फुल्ली सिंथेटिक' असले तरी ती गाळणी तुंबवणारच.

१०/
हे सारे छापलेले असते डब्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. तेथेही शब्दांकडे लक्ष असू द्यावे. गाडीच्या उत्पादकाची 'मान्यता' असणे म्हणजे त्याने ते तेल तपासून घेतलेले असते. 'गरजा पूर्ण करते' हे तेल विकणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे.