इंग्रजीच्या दाखल्याची कुळकथा

रायपूरच्या पुरानी बस्तीतून कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियातील विद्यापीठाकडे अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीच्या गुणपत्रकाबरोबर आयईएल्‌टीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतील गुणही बहुधा जोडावे लागतात. पदवी आणि इंग्रजी येत असल्याचा पुरावा यांची अशी फारकत मात्र फार जुनी नाही. रायपूरच्या शाळेत शिकलेले हिंदी लेखक-पत्रकार माधवराव सप्रे १८९९ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे बी.ए. झाले, तेव्हा त्या विद्यापीठातील शिक्षण मुख्यतः इंग्रजीतूनच चालत असल्याने पदवीतच भाषेचा दाखला आलेला होता. ज्यांच्याजवळ पदवी नव्हती त्यांचे काम पत्रावर भागे. १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागताना आनंदीबाई जोशींनी स्वतः लिहिलेले इंग्रजी पत्र हाच त्यांच्या भाषेचा पुरावा होता.

१९१३ मध्ये, म्हणजे बाबासाहेब आंबेडकर मुंबई विद्यापीठाच्या पदवीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले त्याच वर्षी, केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. तीत निबंध, भाषांतर, ध्वनिशास्त्र आणि संभाषण असे सारे काही होते. तिघे बसले आणि तिघेही नापास झाले. परंतु ती प्रामुख्याने इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी असल्यामुळे आजच्या परीक्षांची जननी तिला म्हणता येत नाही.

ते कूळ अमेरिकेच्या बंदरांवर शोधावे लागते. १९२४ च्या कायद्याने अनेक देशांतून येणाऱ्यांची कमाल संख्या ठरवली, पण विद्यार्थ्यांना त्या मर्यादेतून वगळले. तेव्हा शिक्षणाचे निमित्त करून भलतेच लोक आत शिरतील या शंकेने स्थलांतर खात्याने विद्यार्थ्यांच्या इंग्रजीची खातरजमा मागितली, आणि कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने १९३० मध्ये त्यासाठी परीक्षा घेतली. मंदीच्या काळात ती लवकरच बंद पडली, तरी भाषेची परीक्षा वर्गाऐवजी सरहद्दीच्या गरजेतून जन्मली ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

१९६२ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या विचारविनिमयातून टोफेलची आखणी होऊन १९६४ मध्ये ती प्रथम घेतली गेली. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे असल्याने हजारो उत्तरपत्रिका यंत्राने तपासता येत. पण त्या सोयीपायी बोलणे बाजूला पडले आणि ते मुख्य परीक्षेत यायला २००५ उजाडले, हा इंग्रजी ‘येण्या’चा विचित्रच अर्थ होता. ब्रिटिश कौन्सिलची १९६५ ची चाचणी १९८० मध्ये नव्या रूपात आली आणि १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सहभागाने तिचे आयईएल्‌टीएस झाले. तीत ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे यांना शून्य ते नऊ या श्रेणीत मोजतात.

टोफेल सुरू झाली त्याच १९६४ मध्ये रायपूरला रविशंकर विद्यापीठ उघडले. हिंदी माध्यमाच्या पदव्या वाढत गेल्या तशी नुसत्या पदवीवरून इंग्रजीची खात्री देणे अवघड झाले. आता काही परदेशी विद्यापीठे शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्याचे महाविद्यालयाचे पत्र पुन्हा स्वीकारतात. परीक्षेचे गुण मात्र सामान्यतः दोनच वर्षे ग्राह्य धरले जातात आणि प्रवेश त्यापलीकडे लांबल्यास शुल्क भरून परीक्षा पुन्हा द्यावी लागते.