आठवडी प्रश्नमंजूषेचे कूळ

ठरलेल्या वारी चार माणसांनी एकत्र बसावे, एकाने नद्या, राजे, नाणी आणि नट यांविषयी प्रश्न विचारावेत, इतरांनी उत्तरे द्यावीत आणि शेवटी गुणांची बेरीज व्हावी, हा रिवाज आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याचे कूळ विचारण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. तथापि विद्येला वार कशासाठी हवा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. शाळेची परीक्षा सत्राअखेर येते, नोकरीची परीक्षा जागा रिकामी झाली म्हणजे येते. आठवडा हे माप बाजाराचे, आणि सामान्यज्ञानाच्या या खेळात ते बाजारातूनच आले, असे माझे मत आहे.

खेळाचा ऐवज मात्र परीक्षेचा. आयल ऑफ मॅन बेटावरील किंग विल्यम्स कॉलेजात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून नाताळच्या सुटीपूर्वी मुलांपुढे एक महाबिकट प्रश्नपत्रिका ठेवण्याचा शिरस्ता आहे. पण ती वर्षातून एकदाच. या विषयाचा खरा गाजावाजा झाला तो 1921 साली अमेरिकेत, थॉमस एडिसनमुळे. आपल्याकडे नोकरीस येणाऱ्या पदवीधर उमेदवारांची पारख करण्यासाठी त्याने सुमारे दीडशे प्रश्नांची एक यादी सिद्ध केली होती, आणि फ्रान्सच्या सीमेला कोणकोणते देश भिडतात, रॉकेलची पिंपे कोणत्या लाकडाची करतात, असल्या प्रश्नांपुढे विद्यापीठांचे भलेभले स्नातक हतबल होत. यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागली तेव्हा हलकल्लोळ उडाला. त्याच सुमारास अमेरिकेच्या दौऱ्यावर असलेल्या आइन्स्टाइनला बॉस्टनमध्ये ध्वनीच्या वेगाविषयी विचारण्यात आले असता, जी माहिती कोणत्याही पुस्तकात सहज मिळते ती आपण डोक्यात बाळगत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. वाद कोणी जिंकला हे बाजूस ठेवले तरी त्यातून एक गोष्ट उघड झाली : ज्या प्रश्नांनी उमेदवारांची नोकरी हुकत होती तेच प्रश्न घरी न्याहरीच्या वेळी सोडवताना लोकांस मौज वाटत होती. 1927 साली ‘आस्क मी अनदर’ नावाचे प्रश्नोत्तरांचे पुस्तक तिकडे हातोहात खपले, त्याचे कारण हेच.

मौजेला वार मिळाला तो रेडिओवर. 1936 साली ‘प्रोफेसर क्विझ’ सुरू झाला. परंतु या घराण्यातील सर्वांत बुद्धिमान अपत्य म्हणजे मे 1938 मधला ‘इन्फर्मेशन प्लीज’. त्यात परीक्षाच उलटी केलेली होती. प्रश्न श्रोत्यांनी पाठवायचे आणि उत्तरे पंडितांनी द्यायची. पंडित फसले की दुकानातल्या गल्ल्याची घंटा वाजे आणि प्रश्नकर्त्या श्रोत्यास बक्षीस मिळे. क्लिफ्टन फॅडिमन हा ग्रंथसमीक्षक सूत्रधार होता, आणि उत्तरे देणाऱ्यांत जॉन कीरन नावाचा एक क्रीडावृत्तकार होता, ज्यास लॅटिन, शेक्सपिअर आणि पक्षी ही तिन्ही प्रकरणे मुखोद्गत असत. या सर्व व्यासंगाचा खर्च प्रथम आल्याचे पेय विकणाऱ्या कंपनीने, मग सिगारेटवाल्यांनी आणि त्यानंतर डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखानदारांनी चालवला. आपल्याकडील आठवडी बाजारास जसे ठरलेल्या वारी गिऱ्हाईक आपसूक येते, तसा श्रोता ठरलेल्या वारी ठरलेल्या घटकेस हजर राहिला तरच जाहिरातदारास त्याचा उपयोग. इंग्लंडातील मद्यगृहांत ही गोष्ट अधिकच नागड्या स्वरूपात दिसते. 1970 नंतरच्या दशकात शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी दक्षिण इंग्लंडात तेथील प्रश्नसामन्यांचा धंदाच मांडला, आणि ज्या रात्री गुत्त्यात शुकशुकाट असे नेमकी ती रात्र भरून काढणे हा त्याचा उघड हेतू होता.

आपल्याकडेही क्रम निराळा नाही. आकाशवाणीच्या विविध भारतीवर जाहिरातींस मुभा मिळाली ती 1 नोव्हेंबर 1967 रोजी, आणि सर्वप्रथम मुंबई, पुणे व नागपूर या तीन केंद्रांवर. त्यापूर्वी जाहिरातदारांना सिलोनचा आश्रय घ्यावा लागे. तेथून दर बुधवारी अमीन सायानी ‘बिनाका गीतमाला’ सादर करीत आणि एका दंतमंजनाने श्रोत्यांचा तो वार कायमचा बांधून घेतला होता. दूध-कोकोची भुकटी विकणाऱ्यांनी रविवार धरला. ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ 1972 साली हमीद सायानी यांच्या सूत्रसंचालनाखाली शहराशहरांतून सुरू झाली व पुढे रेडिओवर आली. 1975 साली हमीद निवर्तल्यावर ती धुरा अमीन या धाकट्या बंधूंनी उचलली. स्पर्धा शाळकरी मुलांची खरी, पण सगळा कारभार इंग्रजीत, त्यामुळे मराठी शाळांतील पुष्कळ मुलांच्या वाट्यास तिचा संकेतसंगीतापलीकडचा भाग फारसा आला नसावा, ही उणीव नमूद केलीच पाहिजे.

या कुळाची एक शाखा बाजारापासून दूर राहिली. 1967 सालीच कलकत्त्यात एका चर्चच्या सभागृहात नील ओब्रायन या प्रकाशनव्यवसायातील गृहस्थांनी सर्वांस खुली अशी प्रश्नस्पर्धा भरवली. भारतातील पहिली खुली प्रश्नमंजूषा म्हणून तिचीच गणना होते. पुढे 1990 नंतरच्या दशकात ती भुकटीवाल्यांची स्पर्धा रेडिओवरून दूरचित्रवाणीवर गेली, तेव्हा तिचे सूत्रधार झाले डेरेक ओब्रायन, म्हणजे नील ओब्रायन यांचेच चिरंजीव.