खुडूक कोंबडीचा इतिहास

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम चांदबिबी, भुईकोट किल्ला अशीच नावे डोळ्यांपुढे आली. पण त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आठवली ती पारनेर तालुक्यातील आमच्या परसातली खुडूक कोंबडी. बायकांच्या मिठामिरचीचा खर्च जिने पिढ्यान्‌पिढ्या चालविला, तिलाही इतिहास असणारच!

भगिनींनो, १०-१५ अंडी घालून झाली की गावरान कोंबडी अंडी देणे थांबविते, पिसे फुलवून एका जागी बसून राहते आणि जवळ जाणाऱ्यास चोच मारते. हीच खुडूक. थंडीच्या दिवसांत सासूबाई तिला रवणीला बसवीत. पाटीत राख व भुसा, त्यावर दहा-बारा अंडी. आठव्या रात्री कंदिलापुढे धरून वांझ अंडी बाजूला काढीत. २१ व्या दिवशी पिले! शेजारणीची अंडी असली तर पिले निम्मी निम्मी. उन्हाळ्यात अंडी नासतात, म्हणून तेव्हा तिचा खुडूक मोडीत. कोणी तिला पाण्यात बुडवी, कोणी नाकपुडीत पीस ओवी. ते मला बघवत नसे.

१९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सासूबाई नेहमी सांगत. घरात माणसांनाच दाणा नव्हता. खडी फोडण्याच्या कामावर जाण्याआधी त्यांनी सगळ्या कोंबड्या विकल्या. खुडूक तेवढी उरली. बसून बसून ती इतकी हलकी झाली होती की व्यापाऱ्याने घेतलीच नाही. तिच्याखाली नऊ पिले निघाली. कामावर मिळणाऱ्या सुकडीचा चुरा खाऊन सात जगली, आणि पुढे त्यांनीच परस पुन्हा भरला. मी १९७६ साली या घरात आले, तेव्हा पाहिल्या त्या साऱ्या त्यांच्याच लेकी-नाती.

बाहेरच्या जगाने मात्र खुडूकपणास दोष ठरविले. बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून न बसणाऱ्याच कोंबड्यांची वीण लोक निवडत गेले. इटलीतील लिव्होर्नो बंदराच्या नावाची लेगहॉर्न तशी तयार झाली. उबविण्याचे काम यंत्राकडे गेले. मिसर देशात तर ते भट्ट्यांतून फार प्राचीन काळापासून चालत असे. जावा बेटातील बांतेन बंदरावरून जिचे नाव पडले, ती बुटकी बँटम मात्र आपली सवय सोडीना. विलायतेत तिच्याखाली दुसऱ्या पक्ष्यांचीही अंडी उबवून घेत. १९३५ साली अमेरिकेत रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की प्रोलॅक्टिन नावाच्या स्रावाने कोंबडी खुडूक होते. म्हणजे तिचा हट्ट नव्हे, तो शरीरधर्म आहे.

हे कळल्यावर मी पीस आणि पाणी दोन्ही सोडले. आता बांबूच्या फटीफटींच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून उंच ठेवते. पोटाखालून वारा लागतो, उजेड मिळतो, बसायला घरटे नसते. दाणापाणी भरपूर द्यावे. तीन-चार दिवसांत बहुधा खुडूक मोडतो. अंडी रोज उचलावीत, ती साचली की कोंबडीला बसावेसे वाटते.

मध्यंतरी आमच्या बचत गटाने वनराजा जातीची पिले आणली. हैदराबादेत तयार झालेली ही जात अंडी चांगली देते, पण खुडूक होत नाही. कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या आणि नव्या पिलांसाठी पुन्हा पैसे मोजण्याची वेळ आली. सासूबाईंना पिलांसाठी कधी कोणापुढे पैसे मोजावे लागले नव्हते, हे तेव्हा ध्यानात आले.

म्हणून माझे एवढेच सांगणे की, प्रत्येक खुडूक मोडू नये. दोन असल्या तर एकीचा मोडावा, एकीला बसवावे. आपल्या २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दुष्काळ काही नवा नाही. माझ्याकडे या थंडीत एक बसणार आहे. जिला अंडी ठेवायची असतील तिने जरूर आणावीत. पिले निम्मी निम्मी.